पाखरांची वजाबाकी

१

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशप्पथ, डोळ्यांशप्पथ, तुम्ही म्हणाल त्याची शप्पथ. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे बरंचसं माझ्या पाठीमागे घडलं, आणि जे समोर घडलं तेव्हा उन्हानं डोळे दिपले होते. पण तेवढ्यानं गोष्ट खोटी होत नाही. बेटावर मी एकटाच होतो. एकटा म्हणजे, दाजी होते सोबत. पण दाजी सोबत असले की माणूस जास्तच एकटा पडतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. होडी त्यांची, वल्ही त्यांची, आणि ‘मी बोललो नव्हतो?’ हे वाक्यही त्यांच्याच मालकीचं. आमचं दोघांचं काम एकच होतं, बेटाची राखण.

बेट कसलं, समुद्रात पालथी घातलेली परात. झाड नाही, झुडूप नाही, पायाखाली नुसता शिंपल्यांचा चुरा. अलीकडचा किनाराही तसाच उघडाबोडका. खारट माती, भेगाळलेले दगड, काटेरी झुडपं, आणि पाऊस आला तर पाहुण्यासारखा, उभ्या उभ्या. अशा जागी राहायला कोण येणार? सुरय येतात. काळी टोपी घातलेली पांढरी समुद्रपाखरं. ऐन उन्हाळ्यात येतात, चुऱ्यात पोट घासून खळगी करतात आणि त्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी घालतात. इतर पाखरं अंड्यावर ऊब द्यायला बसतात, ही सावली द्यायला बसतात. दुपारी आई थोडा वेळ जरी उठली, तरी आतलं पिलू शिजून जातं.

आम्ही लहान असताना ही पाखरं उठली की आकाश पांढरं व्हायचं. आई अंगणात वाळत घातलेले कपडे काढायला धावायची. मी आयुष्यात हजार थापा मारल्या असतील, पण ही एक गोष्ट अस्सल खरी होती. आणि नेमकी तीच लोकांना थाप वाटायला लागली, कारण पाखरं कमी होत गेली. मागची दोन वर्षं तर बेटावर एक पिलू जगलं नव्हतं. यंदाही जगलं नाही तर बेटाचं संरक्षण काढून घ्यायचं आणि तिथे सहलीच्या बोटींसाठी धक्का बांधायचा, असं बेटाचा कारभार बघणाऱ्या समितीनं ठरवून टाकलं होतं. धक्क्यावर दिवे, गाणी आणि थंड पेयं.

म्हणजे हे वर्ष गेलं, की माझी एकुलती एक खरी गोष्ट कायमची खोटी होणार होती.

२

बेटाच्या मधोमध आमचा आडोसा होता. चार फळ्या, वर गोणपाट, समोर बोटभर रुंदीची फट. आत एक स्टूल, पाण्याचा कॅन आणि एका दोरीचं टोक. दोरी ओढली की बेटाच्या पार पलीकडे एका काठीवर काळं फडकं फडफडायचं. हे फडकं बाईंनी स्वतः मेलेल्या कावळ्याच्या आकाराचं शिवलं होतं. किनाऱ्यावरून अंडी चोरायला निघालेले कावळे ते बघून मागे फिरायचे. म्हणून दोरीपाशी दिवसभर कुणीतरी बसावंच लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. दाजींना पाठीचा त्रास. बसायचा नव्हे, कामाचा.

बाई म्हणजे पाखरांच्या अभ्यासक. किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या चौकीत दुर्बीण लावून बसायच्या. एकदा कुणाला तरी ‘गप्प बसा, ती ऐकतायत’ म्हणाल्या होत्या, तेव्हापासून आम्ही त्यांच्यासमोर खोकायचंही टाळायचो.

आडोशात बसायची एक रीत असते. एकटा माणूस आत गेला तर पाखरं विसरत नाहीत, डोक्यावर ओरडत राहतात. म्हणून दोघांनी आत जायचं, आणि एकानं लगेच बाहेर पडून, नीट दिसेल असं, निघून जायचं. पाखरांना वाटतं, माणूस आला होता, माणूस गेला. मग ती निवांत खाली उतरतात.

“त्यांना मोजता येत नाही,” बाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. “दोनातून एक गेला तर उरला किती, हे त्यांना कळत नाही.”

“आमच्या मेहुण्यांना तरी कुठे कळतं?” दाजी म्हणाले होते.

तर दोन वर्षं आम्ही ही रीत इमानानं पाळली. मी आणि दाजी आत जायचो, दाजी बाहेर पडायचे, होडी घेऊन किनाऱ्याला जायचे आणि उन्हं उतरल्यावर मला न्यायला यायचे. पण पाखरं काही निवांत व्हायची नाहीत. बसायची, उठायची, घिरट्या घालायची. बाईंनी उन्हाला दोष दिला, माशांना दिला, वाऱ्याला दिला. अंडी मात्र दुपारी उघडी पडत राहिली.

३

तिसऱ्या वर्षी, अंडी घालून झाल्यावरच्या एका सकाळी, आम्ही नेहमीसारखे आत गेलो.

“आळशी माणसाला देवानं काम पण बसायचं दिलं,” असं म्हणून दाजी बाहेर पडले. मी स्टुलावर टेकलो, दोरी मनगटाला गुंडाळली आणि डोळे मिटले. आता बराच वेळ तो गलका चालणार, हे ठरलेलं.

गलका थांबला. हळूहळू नव्हे, बटण दाबल्यासारखा.

मी फटीला डोळा लावला. अख्खं बेट बसलं होतं. एकूण एक पाखरू आपापल्या खळगीत, पंख जरासे सैल सोडून, चोची आ करून. एकाचीही नजर आडोशाकडे नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी भरलेल्या घरात आपण शिरावं आणि कुणी वळूनसुद्धा बघू नये, तसं वाटलं.

म्हटलं, ऊन जास्त आहे, दमली असतील. म्हटलं, वारा पडलाय. मी स्वतःला पटवायला फार पटकन पटतो, सवय आहे.

मग गोणपाटाखालून एक सुरय आत आलं. चालत. माझ्या चपलेला वळसा घालून माझ्या सावलीत आलं आणि पोट टेकून बसलं. जंगली पाखरू, ज्याला माणसाची टोपी दिसली तरी अंगावर धावून येतं. मी श्वास रोखला. चुऱ्याची धूळ नाकात गेली आणि मला शिंक आली. माझी शिंक म्हणजे साधी नव्हे, आमच्या घरातली भांडी हलतात.

पाखरू हललं नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

मी टाळी वाजवली. मी त्याला शिवी दिली. मी वाकून त्याच्या डोळ्यासमोर बोट नेलं. ते बोटाच्या आरपार समुद्राकडे बघत बसलं.

४

उन्हं उतरल्यावर होडी आली. मी वाकत वाकत होडी लागते त्या उताराला पोचलो, तर दाजी वल्हं हातात धरून उभेच्या उभे.

“तू इथे कसा?”

“म्हणजे? सकाळी तुम्हीच नाही का आणून बसवलंत?”

“आणि मग मीच नाही का परत नेलं?”

“दाजी, थापा मारायचं काम माझं. तुम्ही वल्ही मारा.”

“अरे, माझ्यामागून चालत आलास! होडीत पाठ करून बसलास. मी विचारलं, का रे, आडोसा सोडलास? तर उत्तर नाही. मला वाटलं, आळशी म्हणालो त्याचा राग आला.”

“ते तर तुम्ही रोजच म्हणता.”

“म्हणूनच मला नवल वाटलं ना. मघाशी तुझ्या घरी गेलो. तुझी बायको म्हणाली, जेवून परत बेटाकडे निघून गेलाय. म्हटलं, होडी माझ्याकडे, मग हा गेला कसा? म्हणून आलो बघायला.”

मी हसायचा प्रयत्न केला. “होडी जड झाली होती का?”

दाजी वल्ह्याकडे बघत राहिले. “माणूस बसल्यावर होते तेवढी झाली होती,” ते म्हणाले, आणि किनारा येईपर्यंत एकदाही ‘मी बोललो नव्हतो?’ म्हणाले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

घरी बायकोनं दार उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो, पुन्हा जेवणार?”

“पुन्हा म्हणजे?”

“दुपारी एवढं जेवलात. ताटात काही ठेवलं नाहीत. मान मात्र सारखी तिरकी करत होतात, एका डोळ्यानं ताटाकडे बघत. म्हटलं, लचक भरली असेल.”

मी उंबऱ्यावरच बसलो. “आणि बोललो काय मी?”

“तेच तर! काही नाही. एक थाप नाही. लग्न झाल्यापासून घरात एवढी शांतता पहिल्यांदा होती. घाबरून मी तुमच्या कपाळाला हात लावला.”

“गरम होतं?”

तिनं तो हात पदराला पुसला. दुपारपासून किती वेळा पुसला असेल कोण जाणे. “गार होतं. ओल्या शिंपल्यासारखं.”

५

सकाळी चौकीत गेलो तर बाई खुशीत. एवढ्या खुशीत, की आम्हाला चहा त्यांनी केला.

“काल तुम्ही दोघंही बेट सोडून आलात ते फार चांगलं झालं. दुर्बिणीतून बघत होते मी. दुपारभर एक अंडं उघडं पडलं नाही! आणि कावळ्यांना हाकलायला फडकं कसं हललं हो? वारा होता का?”

“बाई, फडकं मी हलवलं,” मी म्हणालो. “मी आतच होतो.”

मग दाजींनी आपलं सांगितलं, मी बायकोचं सांगितलं. माझ्या बोलण्यावर बाईंनी कधीच विश्वास ठेवला नव्हता. पण दाजींना कल्पनाशक्ती नाही, हे सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. बाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

“म्हणजे त्यांना मोजता येतं.”

“काय?”

“दोन वर्षं आपल्याला वाटलं, आपण त्यांना फसवतोय. त्यांना रोज दिसत होतं. दोघं आत आले, एकच गेला, एक आत लपून बसलाय. कोण बसेल निवांत? काल पहिल्यांदा दोघं आले आणि दोघं गेले. हिशोब जुळला, पाखरं बसली.”

“मी बोललो नव्हतो?” दाजी म्हणाले.

“तुम्ही बोलला नव्हतात,” मी आणि बाई एकदमच म्हणालो.

“पण बाई,” मी विचारलं, “तो कोण?”

बाईंनी कप खाली ठेवला. “त्याच्याबद्दल मला काही माहीत नाही. मला पाखरांचं विचारा.”

त्या दिवशी बाईंनी सांगितलं म्हणून आम्ही दोघंही खरोखरच परत आलो. आडोसा रिकामा ठेवला. पाखरं शांत बसली, पण दोरीला हात नव्हता. कावळे आले आणि उताराकडची अख्खी रांग साफ करून गेले. बाई दुर्बिणीतून बघत होत्या आणि एकेका अंड्याला जोरात ‘नको’ म्हणत होत्या. दाजी बाहेर जाऊन होडी धूत बसले, ती धुतलेलीच होती.

कुणी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आपोआप जाऊन होडीत बसलो.

निघताना बायको म्हणाली, “तो येईल ना दुपारी?”

“बहुतेक.”

“जेवला तर जेवला. पाखरं वाचतायत ना?” आणि मग, दार अर्धं लावून, “संध्याकाळी मात्र दार उघडायच्या आधी तुम्ही मला एक थाप मारायची. त्याला मारता येत नाही. त्याशिवाय मी कडी काढणार नाही.”

६

मग फटीतून मी त्याला पाहिलं.

दाजी पुढे चालले होते, मान ताठ, मागे वळायचं नाही असं ठरवून. त्यांच्यामागे थोडं अंतर ठेवून एक माणूस चालत होता. अंगात माझा सदरा, मळका. डोक्यावर माझी वेताची टोपी. मी डोक्याला हात लावला, टोपी जागेवर होती. माझ्या उजव्या पायात जरा बाक आहे, त्यालाही होता. तो आडोशातून कधी बाहेर पडला ते मला कळलं नव्हतं, आणि आडोशात माझ्या गुडघ्यांनाच जागा पुरत नाही.

तो गेला. पाखरं बसली. आणि मी उरलो, म्हणजे पाखरांच्या हिशोबानं उरलो नाही.

हे रोज व्हायला लागलं, तसतशी त्या आडोशाची मला धास्ती बसली. फळ्या त्याच, फट तीच, उन्हाची पट्टी स्टुलावरून सरकत जायची ती तशीच. पण आत बसून मी मोठ्यानं बोललो तरी बाहेर कुणी दचकायचं नाही. मी माझी सगळ्यात भन्नाट थाप सांगून बघितली, ज्यात मी देवमाशाला दाढी करून दिली. बेट ढिम्म. एखादा जिवंत माणूस सबंध दुपार कुठेच नसेल, तर तो नक्की कुठे असतो? मी स्वतःला चिमटा काढायचो. दुखायचं. पण दुखलं ते मलाच, यावर माझ्यासारख्या थापाड्या माणसानं कितपत विश्वास ठेवायचा?

मग अंडी फुटली. पिलं निघाली, चुऱ्याच्याच रंगाची, वारा आला की लवंडणारी. ती आडोशात शिरून माझ्या पायांवर झोपायला लागली. त्यांचा श्वास पावलांना जाणवायचा. असं पाऊल कुणी हलवतं का? मी भीतीनं घामाघूम होऊन बसायचो आणि कावळा दिसला की दोरी ओढायचो. नसलेल्या माणसाच्या मानानं फारच मेहनत करायचो.

संध्याकाळी दारावर टकटक केली की आतून आवाज यायचा, “मारा.”

“आज एका खेकड्यानं मला वेळ विचारली.”

“मग?”

“मी म्हटलं, उशीर झालाय. तर तो घाईघाईनं सरळ चालत गेला.”

आणि कडी निघायची.

७

पिलांना पंख फुटले आणि समितीचे अध्यक्ष येऊन थडकले. अंगानं भारदस्त, हातात पिवळी छत्री, आणि धक्का बांधायचा हे डोक्यात पक्कं.

“पिलू उडताना माझ्या डोळ्यांनी दिसलं तर बेट तुमचं,” ते म्हणाले. “नाही दिसलं तर कामाला सुरुवात. मी स्वतः आडोशात बसणार.”

“साहेब, आडोशात एकच माणूस मावतो,” बाई म्हणाल्या.

“मी एकच माणूस आहे.”

मी म्हणालो, “साहेब, मी बघतो आणि तुम्हाला सांगतो ना.”

“तुमच्या शब्दावर मी समुद्र खारट आहे हेसुद्धा मानणार नाही.”

बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “आज तीन जण आत जाणार आणि बाहेर पडणार दाजी. फार तर तोही. एक उरणार. हिशोब चुकला तर ती उठतील, आणि पिलं बिथरून पाण्यात पळतील. अजून धड उडता येत नाही त्यांना. वर कावळे टपलेत.”

“मग काय करू?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. हे त्या म्हणू शकतात, हेच मला माहीत नव्हतं.

आम्ही तिघं आत शिरलो. अध्यक्षांनी स्टूल व्यापलं, मी फळीला चिकटलो, दाजी बाहेर पडले. वर पाखरांचं छत फिरत होतं, कानठळ्या बसवत. पिलं खळग्या सोडून पाण्याकडे सरकायला लागली होती. मी फटीला डोळा लावला. दाजी चालले होते. त्यांच्यामागे माझी टोपी चालली होती. दोघंच. डोक्यावरचा गोंगाट काही कमी होईना. एक पिलू पाण्याच्या काठाशी पोचलं. संपलं, म्हटलं, धक्का झाला, दिवे लागले, गाणी सुरू.

आणि गोंगाट तुटला.

अख्खं छत खाली उतरलं. काठावरचं पिलू वळलं आणि तुरूतुरू आपल्या खळगीकडे निघालं. मी पुन्हा बघितलं.

टोपीच्या मागे तिसरा एक चालला होता. भारदस्त. बदकासारखी चाल, पावलं बाहेर फाकलेली. हातात पिवळी छत्री.

अध्यक्षांचा डोळा माझ्या शेजारीच फटीला होता. त्यांनी हळूच खाली पाहिलं. पिवळी छत्री त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“तो... तो माझ्यासारखा...”

“साहेब, हळू बोला,” मी म्हणालो. “आपण गेलोय.”

होडीपाशी पोचल्यावर तो छत्रीवाला थांबला आणि वळला. उन्हात चेहरा धड दिसेना. एवढंच दिसलं, की त्यानं मान तिरकी केली, सावकाश, खांद्याला लागेपर्यंत, माणसाची जात नाही तिथवर; आणि एका डोळ्यानं आमच्याकडे बघितलं. त्याच क्षणी बेटावरच्या एकूण एक पाखरानं तशीच मान केली. मग तो होडीत बसला. होडी माणसाच्या वजनानं खाली गेली. दाजींनी वल्ही मारली, मान ताठ.

आकाशात पहिला कावळा दिसला, तेव्हा अध्यक्षांनी माझ्या मनगटावरून दोरी ओढून घेतली आणि असा हिसका दिला, की पलीकडचं फडकं काठीवरून निसटेल असं वाटलं. कावळा फिरला. दुसरा आला, तोही फिरला. “या! या ना!” साहेब कुजबुजत होते, घामानं निथळत. “या बघू!”

आणि मग वारा सुटला.

एका पिलानं पंख पसरले. रोजच पसरायची ती, वाऱ्यावर तोल सावरत उड्या मारायची. हे उडालं ते खाली आलंच नाही. वीतभर वर, हातभर वर, मग आडोशाच्या वरून, आमच्या डोक्यावरून, थेट समुद्रावर. त्याच्यामागे दुसरं. मग मोजायची सोयच राहिली नाही. आया ओरडत उठल्या, पिलं त्यांच्यामागे धडपडत उठली, बेट जणू चुऱ्यासकट वर उचललं गेलं. भर दुपारी आडोशात अंधारून आलं. फटीतून बघितलं तर आकाश पांढरं झालं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आईच्या वेळी व्हायचं तसं.

मी रडत होतो की ओरडत होतो ते आठवत नाही. अध्यक्ष दोन्ही करत होते.

८

दाजी न्यायला आले तेव्हा साहेबांना बघून वल्हं त्यांच्या हातातून पडलं.

“साहेब, तुम्हाला तर मी मघाशीच सोडलं! तुम्ही गाडीत बसून गेलात!”

गाडी खरोखरच गेली होती. चालक आणि साहेब दोघांनाही घेऊन. बाईंनी आपल्या स्कूटरवर अध्यक्षांना शहरात पोचवलं. छत्री त्यांनी वाटभर छातीशी धरली होती, असं बाई सांगतात.

कार्यालयात शिपाई म्हणाला, “साहेब, काही राहिलं का? मघाशी तर सगळं आवरून गेलात.”

टेबलावर बेटाच्या कायमच्या संरक्षणाचा हुकूम पडला होता. धक्का रद्द, सहली रद्द, हंगामात राखणदारांखेरीज कुणी पाय ठेवायचा नाही. खाली अध्यक्षांची सही, शाई वाळलेली. साहेब खुर्चीत बसले, पेन काढलं आणि तिच्या खाली, तश्शीच, आपली दुसरी सही केली. बाई म्हणतात, पहिली सही जास्त वळणदार होती.

तो हुकूम चौकीत भिंतीवर लावलाय. एका हुकुमावर एकाच माणसाच्या दोन सह्या का, असं कुणी विचारलं तर दाजी म्हणतात, “खबरदारी.” अध्यक्ष आता दर हंगामात कावळे हाकलायला येतात. घरी फोन करून आधी विचारतात, “मी जेवलोय का?”

९

त्या संध्याकाळी मी दारावर टकटक केली.

“मारा,” बायको आतून म्हणाली.

थाप सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा सुचेना. म्हणून जे झालं ते सांगितलं. पिलं उडाली, आकाश पांढरं झालं, धक्क्यावाल्या अध्यक्षांनी स्वतः दोरी ओढून कावळे पळवले, बेट वाचलं.

कडी निघाली.

“एवढी मोठी थाप,” ती म्हणाली, “दुसऱ्या कुणाला जमायची नाही.”

मग बाहेर येऊन तिनं वर पाहिलं. घरावरून पांढऱ्या पाखरांचा थवा चालला होता, संपता संपत नव्हता. ती दोरीवरचे कपडे काढायला धावली.

आता लोक मला विचारतात, यातलं खोटं किती? होडी खरी, बाई खऱ्या, दोन सह्या खऱ्या, वाटलं तर चौकीत जाऊन बघा. पाखरांची वजाबाकी तर सगळ्यांत खरी. रचलेलं एवढंच, की त्याला थाप मारता येत नाही.

मारतो. चांगली रंगवून मारतो.